वाचावयाची स्मारके

चाळीसगावाहून काही कोसांवर, डोंगराच्या कुशीत वसलेल्या आणि आज उजाड झालेल्या पाटण नगरीत, देवीच्या देवळात शके ११२८ चा, म्हणजे इसवी सनाच्या १२०७ च्या सुमाराचा, एक शिलालेख आहे. सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने आपल्या आजोबांच्या, म्हणजे सिद्धान्तशिरोमणिकार भास्कराचार्यांच्या, ग्रंथांचे अध्ययन अव्याहत चालावे म्हणून येथे एक मठ स्थापिला, आणि त्या मठास निकुंभवंशीय सोइदेवाने उत्पन्न लावून दिले, अशी हकीकत त्यात दिली आहे. आचार्यांच्या कुळाची परंपरा, त्यांच्या विद्येचा गौरव, राजाची स्तुती हे सारे संस्कृतात यथासांग झाल्यावर, जेथे देण्याघेण्याची गोष्ट निघते तेथे हा लेख मराठीवर येतो, आणि पेठेत विकल्या जाणाऱ्या मालापैकी मठास काय द्यावयाचे, घाण्यामागे तेल किती द्यावयाचे, हे रोखठोक नमूद करतो. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांच्या निदर्शनास आणला तेव्हापासून भास्कराचार्यांचा कुलवृत्तान्त म्हणून आणि जुन्या मराठीचा नमुना म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला मात्र त्याचे महत्त्व निराळ्या कारणासाठी वाटते. थोर पुरुषाच्या पश्चात त्याच्या नातवाने त्याचे स्मारक करावयाचे मनात आणले, तेव्हा छत्री उभारली नाही की पादुका स्थापिल्या नाहीत, तर पाठशाळा काढली. आणि पेठेतले तेली व वाणी तिचे पोशिंदे व्हावेत अशी तजवीज केली. खानदेशातील स्मारकांचा विचार करताना मी आरंभ नेहमी येथून करतो, कारण स्मारक कशासाठी असते या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर या प्रांतात पुन्हा फार थोड्या ठिकाणी सापडते.

प्रस्तुत पुस्तक आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील इतिहाससंग्रहालये आणि स्मृतिस्थळे यांची ओळख करून देण्यासाठी लिहिले आहे. या मुलखाला कापसाचा व केळीचा मुलूख म्हणून सर्व महाराष्ट्र ओळखतो. येथील उन्हाळ्याची आणि भरिताची कीर्तीही दूरवर गेलेली आहे. परंतु मराठ्यांच्या इतिहासाची व मराठी वाङ्मयाची किती मौल्यवान साधने येथल्या साध्या इमारतींतून, लाकडी कपाटांतून आणि तांबड्या रुमालांतून ठेवलेली आहेत, याची कल्पना बाहेरच्यांस तर नाहीच, पण पांझरेच्या व गिरणेच्या काठी जन्म काढलेल्यांसही क्वचितच असते. जे लोक ही स्थळे पाहावयास जातात ते बहुधा देवदर्शनास जावे तसे जातात. पादत्राणे बाहेर काढावी, तसबिरीपुढे हात जोडावे, काचेआड काय आहे ते न वाचता पुढे सरकावे आणि सहलीची मोटार निघावयाच्या आत बाहेर यावे, असा आपला शिरस्ता पडून गेला आहे. या भक्तिभावाबद्दल मला मुळीच अनादर नाही. तो नसता तर यांतील निम्मी स्थळे केव्हाच जमीनदोस्त झाली असती. परंतु खानदेशातील स्मारके ही बहुतांशी शब्दांची स्मारके आहेत. येथे जे जपले गेले आहे ते कोणी लिहिलेले, कोणी सांगितलेले, कोणी गाइलेले आहे. आणि शब्द हे वाचल्यावाचून भेटत नाहीत. वाचक म्हणून तेथे कसे जावे, हे सांगणे एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

या दृष्टीने पहिला मान धुळ्यास देणे प्राप्त आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म कोकणातला आणि त्यांची विद्या व कीर्ती पुण्याची. परंतु त्यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाले. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करणारा हा पुरुष आयुष्याच्या अखेरीस आपल्या टिपणांच्या आणि कागदांच्या संभारासह धुळ्यास येऊन राहिला होता, आणि त्याच्या निधनानंतर शोकसभा भरवून स्वस्थ न बसता धुळेकरांनी १९२७ मध्ये त्याच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले. राजवाड्यांच्या पश्चात त्यांचा धातुकोश व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्याकडून संपादित करवून प्रसिद्ध करणे, ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविणे, गावोगावच्या पोथ्या, मूर्ती, नाणी व दप्तरे मिळवून ती सांभाळणे, ही कामे ज्या मंडळींनी केली त्यांत वकील होते, शिक्षक होते, व्यापारी होते. भास्कर वामन भटांसारखे जाणते अभ्यासक होते. कोणी संस्थानिक मात्र नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या मध्यमवर्गाने एका निर्धन पंडिताचे उत्तराधिकारित्व पत्करले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात जितक्या ठळकपणे सांगितली जावयास हवी तितकी सांगितली गेलेली नाही.

मंडळाच्या संग्रहालयातील पाषाणमूर्ती पाहून मन प्रसन्न होते हे खरे. तरीही वाचकांना माझा आग्रह आहे की त्यांनी मूर्तींपाशी सगळा वेळ न घालविता एक तरी मोडी कागद समोर घेऊन बसावे. हाताने केलेला, किंचित खडबडीत, लांबट पट्टीसारखा तो कागद असतो. लेखकाने आधी आडवी रेघ ओढून घेतलेली असते आणि मग तिच्याखाली बोरूने अक्षरांची साखळी न थांबता गुंफीत नेलेली असते. दोन शब्दांत अंतर नाही, वाक्य संपल्याची खूण नाही, ऱ्हस्वदीर्घाचा मुलाहिजा नाही. अखेरीस मिती येते, तीही ‘छ’ हे अक्षर, पुढे चंद्राचा दिवस आणि रबिलावल, जमादिलाखर असा मुसलमानी महिना, अशी. सन दिलाच तर तो अरबी संख्यावाचकांत असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन ११६१, म्हणजे इसवी सन १७६०-६१, म्हणजे पानिपतचे वर्ष. परंतु खासगी व राजकीय पत्रांत सन पुष्कळदा गाळलेलाच असतो, कारण लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास वर्ष कोणते चालले आहे हे ठाऊक असे. मग पत्रात आलेला एखाद्या सरदाराचा मुक्काम, कोणा एकाच्या मृत्यूचा उल्लेख, नदीला आलेला पूर, यांवरून ते पत्र कोणत्या वर्षी बसवावयाचे हे ठरवावे लागते. आणि एक पत्र चुकीच्या वर्षी बसले तर मोहिमेचा सारा क्रम उलटापालटा होतो. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये वाईहून प्रसिद्ध केला तो १७५० ते १७६१ या काळातील अशाच पत्रांचा होता, आणि तेथून पुढे बावीस खंडांपर्यंत त्यांनी हीच उस्तवार एकट्याने केली. त्या खंडांना जोडलेल्या विस्तृत प्रस्तावना हा आपल्या भाषेतील शास्त्रीय गद्याचा एक उत्कर्षबिंदू आहे. त्यांची सगळीच अनुमाने पुढे टिकली नाहीत, आणि टिकावी असा आग्रह धरण्याचेही कारण नाही. कागद पुढे ठेवावा, त्यावरून निघणारे अनुमान निर्भयपणे सांगावे आणि दुसऱ्याने ते त्याच कागदाच्या आधारे खोडावे, ही शिस्त त्यांनी घालून दिली. धुळ्याच्या त्या वास्तूत जपलेले सर्वांत मोलाचे धन मी हेच समजतो.

त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नाव मंदिराचे असले तरी तेथील देवता म्हणजे ग्रंथ. शंकर श्रीकृष्ण देव यांनी आपले सारे आयुष्य रामदासी मठ धुंडाळण्यात, तेथील बाडे मिळविण्यात, उतरविण्यात व छापण्यात वेचले. डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी सिद्ध केलेला दासबोध १९०५ साली धुळ्याहूनच प्रसिद्ध झाला. समर्थांच्या स्वहस्तातील म्हणून मानले जाणारे वाल्मीकि रामायणाचे हस्तलिखित याच मंदिरात आहे. त्याच्या एकेका पानावरची जाड, ठसठशीत, ओळीतून न ढळणारी बाळबोध अक्षरे पाहताना भाविकाचे हात आपोआप जोडले जातात, आणि ते जोडले जावेत. पण क्षणभराने त्याच डोळ्यांनी समास कसा सोडला आहे, चुकलेले अक्षर कसे खोडले आहे, सर्गाची समाप्ती कशी दाखविली आहे हेही पाहिले, तर हा ग्रंथ एका जागत्या मनुष्याने रात्रंदिवस खपून लिहिला आहे याची जी जाणीव होते, तिने भक्ती उणावत नाही. राजवाडे आणि देव यांच्या वृत्तींत अंतर पुष्कळ होते. एक कागदाला साक्षीदार मानून त्याची उलटतपासणी घेणारा, दुसरा त्याला गुरुमुख मानणारा. परंतु कागद वाचला पाहिजे, या एका निष्ठेने दोघांची स्थाने एकाच गावात नांदत आहेत.

धुळ्याचे तिसरे स्थान मात्र वाटेल त्याला वाटेल तेव्हा पाहता येत नाही, कारण ते तुरुंगात आहे आणि तो तुरुंग आजही चालू आहे. १९३२ च्या सत्याग्रहात विनोबा धुळ्याच्या कारागृहात होते, आणि २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत लागोपाठ अठरा रविवारी त्यांनी राजबंद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. साने गुरुजी ती बसल्या बैठकीस उतरवून घेत होते. पाठ्यपुस्तकांतून हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यातील मोठे नवल कोणाच्या ध्यानातच येत नाही: बोलणाऱ्यापाशी टिपण नव्हते, ध्वनिमुद्रणाचे साधन नव्हते, आणि आज हिंदुस्थानच्या बहुतेक भाषांत वाचला जाणारा या प्रवचनांचा ग्रंथ केवळ एका कैद्याच्या वेगवान लेखणीमुळे आणि निर्मळ लक्षामुळे जगाच्या हाती आला. गुरुजींची ती लेखणी घडली होती अमळनेरास. तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत असत. धुळ्याचा तुरुंग पाहू इच्छिणाऱ्याने आधी अमळनेरास जावे असे मी पुस्तकात सुचविले आहे, ते याच कारणासाठी.

तुरुंग आणि स्मारक यांचा संबंध लिहिताना मला वारंवार हांबुर्गची आठवण होते. जर्मनीच्या त्या मोठ्या बंदरात काही वर्षांपूर्वी जाण्याचा योग आला, आणि तेथील स्मारके पाहिल्यानंतरच खानदेशातील स्मारकांविषयी लिहावे ही इच्छा माझ्या मनात पक्की झाली. शहराच्या वेशीबाहेर नॉयनगामे येथे १९३८ पासून युद्धाच्या अखेरीपर्यंत नाझींची छळछावणी होती. तेथे व तिच्या अंकित छावण्यांत मिळून एक लाखाच्या आसपास माणसे डांबली गेली आणि त्यांतील चाळीस हजारांहून अधिक मेली. युद्ध संपल्यानंतर काही वर्षांतच हांबुर्गच्या नगरशासनाने त्याच जागेवर आपला तुरुंग बांधला! वाचलेल्या कैद्यांनी व मृतांच्या आप्तांनी पिढीभर तगादा लावला, तेव्हा कोठे २००३ मध्ये एक आणि २००६ मध्ये दुसरा असे तेथील तुरुंग बंद झाले व सगळे आवार स्मारकाच्या स्वाधीन झाले. यातील विशेष हा की, ती तुरुंगाची हकीकतही आज त्या स्मारकात लपविलेली नाही. छावणीत काय झाले हे जसे तेथे वाचावयास मिळते, तसेच छावणीची आठवण शहराने किती काळ टाळली हेही वाचावयास मिळते. खुद्द शहरात सेंट निकोलाय या चर्चचा १४७ मीटर उंचीचा मनोरा, भोवतीचे चर्च उद्ध्वस्त झालेल्या स्थितीत, तसाच उभा ठेवला आहे. जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हांबुर्गवर जो अग्निवर्षाव केला त्यात तीस हजारांहून अधिक नागरिक मृत्यू पावले, आणि वैमानिकांना खूण म्हणून हाच मनोरा उपयोगी पडत असे. तळघरातील प्रदर्शनात या संहाराचे वर्णन आहे. परंतु त्याच भिंतीवर वॉर्सा आणि कॉव्हेंट्री या शहरांवर जर्मन विमानांनी काय केले तेही आहे. आपले दुःख सांगताना आपण दुसऱ्यास दिलेले दुःख आधी सांगावे, ही मर्यादा त्या शहराने स्वतःवर घालून घेतली आहे, आणि ती घालून घेण्यास त्याला बराच काळ लागला आहे.

आमच्याकडील अपराध त्या जातीचे नाहीत. तेव्हा ओढूनताणून साम्य दाखवावयाचे नाही. पण गाळलेल्या गोष्टी आमच्याकडेही आहेत. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या भिल्लांची आणि इंग्रजी फौजेची लढाई झाली. हा खाज्या नाईक पूर्वी सेंधव्याच्या घाटातील रस्त्याच्या रखवालीस कंपनीच्याच नोकरीत होता. त्याच्याविषयी आपल्याला जे सांगता येते ते बहुतांशी त्याचा पाठलाग करणाऱ्या साहेबांच्या अहवालांतून. त्याच्या बाजूचा एक कागद नाही, कारण त्याच्या लोकांना कागद ठाऊक नव्हता. आणि साहेबाच्या बंदुकीइतकाच भिल्लांचा छळ ज्यांनी केला ती कर्जाची खतपत्रे आमच्या सपाटीवरच्या सावकारांच्या पेढ्यांवर लिहिली गेली, हे आमच्या जिल्ह्यांतील एखाद्या संग्रहालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले मला पाहावयाचे आहे. तीच गोष्ट कापसाची. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच तो कोसळला, आणि पुढे जिनिंगच्या कारखान्यांतून निघालेल्या गाठी मुंबईमार्गे परदेशच्या बंदरांत गेल्या. त्या गाठी दाबणाऱ्या मजूर स्त्रीपुरुषांच्या आयुष्याचे स्वतंत्र संग्रहालय माझ्या पाहण्यात आले नाही, म्हणून या पुस्तकात त्यावर प्रकरण नाही.

कागदावाचून जे राहिले त्याचे जतन कसे करावे याचा एक सुंदर नमुना मात्र जळगावातच आहे. जुन्या गावातील चौधरीवाड्यात बहिणाबाईंच्या वापरातील वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. आसोद्याची ही लेक १८८० मध्ये जन्मली, जळगावास नांदावयास आली, ऐन तारुण्यात विधवा झाली, आणि शेत, चूल व जाते यांच्या रगाड्यात तिने ज्या ओव्या रचल्या त्यांतील एकही तिला लिहिता येत नव्हती. तिचे पुत्र सोपानदेव यांनी व घरच्या मंडळींनी त्यांतल्या जेवढ्या टिपून ठेवल्या तेवढ्या १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापल्या गेल्या. बाई स्वतः आदल्याच वर्षी, ३ डिसेंबरला, निवर्तल्या होत्या. त्या वाड्यातील जाते पाहताना माझी विनंती एवढीच की, त्याच्या खुंट्याकडे पाहावे. मुठीच्या नित्य घासण्याने असा खुंटा गुळगुळीत होतो, आणि ओवीचा एक चरण व पाळीचा एक फेरा यांचे माप का जुळते हे तेथे उभे राहिल्यावर छंदःशास्त्राच्या ग्रंथापेक्षा लवकर उमगते. ज्यांना त्या शब्दांचा लेवा बोलीतील उच्चार ऐकावयाचा असेल त्यांनी आसोद्यापर्यंत जावे. फार दूर नाही.

जळगावच्या जैन टेकडीवरील गांधीतीर्थाविषयी मी थोडे लिहिले आहे, कारण तेथे मार्गदर्शनाची व्यवस्था उत्तम आहे आणि माझ्या साहाय्याची वाचकास गरज नाही. भवरलाल जैन यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या वास्तूचे उद्घाटन २५ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. तेथील चित्रदर्शनाची दालने सर्वजण पाहतात. ग्रंथालय व दस्तऐवजांचा संग्रह यांकडे वळणारे थोडे. फैजपूरचे प्रकरण मात्र लांबले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तेथे झाले, आणि नंदलाल बोसांनी बांबू, चटया व शेतकऱ्याच्या घरात सापडणाऱ्या सामानातून ते नगर सजविले. ते मोडण्यासाठीच बांधलेले होते व कामापुरते उभे राहून मोडले गेले. म्हणून फैजपुरास जाणाऱ्याने आधी छायाचित्रे व इतिवृत्ते वाचून मगच त्या शेतांकडे पाहावे.

दोन स्थळे अशी आहेत की तेथे वाचनापेक्षा उपस्थितीच अधिक बोलते. नंदुरबारच्या बाजारपेठेत ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तेथील हुतात्मा स्मारकापाशी भोवतीचा व्यवहार अखंड चाललेला असतो, आणि तो तसाच चालावा, कारण त्या पेठेतीलच ती मुले होती. दुसरे स्थळ धुळ्यापासून जवळ, लळिंगच्या किल्ल्यानजीकचा लांडोर बंगला. १९३७ साली न्यायालयाच्या कामानिमित्त धुळ्यास आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे ३१ जुलैला मुक्कामास होते. एका मुक्कामाची ही आठवण. तिच्यासाठी कोणी वर्गणीची पावतीपुस्तके छापली नव्हती की कोणा सरकारने आदेश काढला नव्हता. तरी दर वर्षी त्या तारखेस, भर पावसाळ्यात, चिखल तुडवीत हजारो माणसे त्या टेकडीवर लोटतात, आणि आवारात पुस्तकांची दुकाने मांडली जातात. येणारा शेतमजूर परत जाताना एखादी पुस्तिका विकत घेऊन जातो. मी ज्या अर्थाने वाचक हा शब्द वापरीत आलो आहे त्या अर्थाने ही खानदेशातील सर्वांत मोठी वाचकांची यात्रा आहे.

प्रकरणांचा क्रम रेल्वेच्या व मोटारीच्या सोयीने लावला आहे. वैशाखात तापीकाठी हिंडण्याचे धाडस बाहेरच्यांनी करू नये. पाऊस ओसरल्यापासून होळीपर्यंतचा काळ बरा. धुळ्याच्या दोन्ही संस्थांत कागद किंवा पोथी पाहावयाची असल्यास आधी पत्र पाठवून विषय कळवावा, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या मंडळींना रुमाल काढून ठेवता येतात. मोडीची ओळख नसलेल्यांसाठी अक्षरांचा तक्ता परिशिष्टात दिला आहे. आरंभ पेशवाईतील घाईच्या हस्ताक्षरांनी न करता इंग्रजी अमदानीतील कुळकर्णी दप्तराने करावा, ते अक्षर बरेच सुटे व सावकाश असते. आणि ज्यांच्या स्वतःच्या माळ्यावर असे एखादे दप्तर पडून आहे त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी धुळ्यास दाखवावे. देताना गठ्ठा सोडू नये, कागदांचा क्रम बदलू नये, आणि वर एका चिठ्ठीवर गाव कोणते, घर कोणाचे, वतन कसले आणि गठ्ठा घरात कोठे सापडला, एवढे शाईने लिहून चिठ्ठी दोऱ्याने बांधून द्यावी.